झाडाचा फोटो

माणसाचा फोटो काढायचा म्हटला की माणूस हलतो, डोळे मिटतो, नाही तर उगाच ताठ उभा राहतो. झाडाचे तसे नाही. ते लाजत नाही, पळत नाही. एका जागी उभेच असते. तेव्हा झाडाचा फोटो काढणे सगळ्यांत सोपे असायला हवे. पण आपण काढलेले झाडांचे फोटो एकदा नीट बघा. बहुतेकांत काय दिसते? खाली एक काळपट ढीग आणि वर पांढरे आभाळ. झाड आंब्याचे की चिंचेचे, लहान की थोर, दारातले की रानातले, काही म्हणता काही कळत नाही. शेजाऱ्याला दाखवला तर तो म्हणतो, "बरं, झाड आहे. पुढं काय?"

यात दोष मोबाईलचा नाही. आपण झाड तेवढे बघतो, त्याची जागा बघत नाही. झाड हे जागेने घडते. मातीने, वाऱ्याने, पाण्याने त्याला आकार येतो. माळावरची बाभूळ बसकी असते. दाट जंगलातले झाड उजेडासाठी सरळ वर जाते. तेच झाड मोकळ्यावर लावा, ते आडवे पसरेल. म्हणून झाडाचा चांगला फोटो म्हणजे झाड आणि त्याची जागा, अशा दोघांचा फोटो. जागा बदलली की फोटो काढण्याची रीतही बदलते. ती रीत आम्ही येथे सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, झाड तर रोज दिसते, त्याचा फोटो हवा कशाला? रोज दिसणारी गोष्ट एक दिवस नसते, म्हणून हवा. 3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेल्या झाडांचे फोटो पुष्कळांनी काढले. पंचनाम्याला ते लागतातच. पण वाडी उभी होती तेव्हा कशी होती, हे दाखवणारा फोटो किती घरांत असेल? पडलेल्या झाडाचा फोटो पडल्यावर काढता येतो. उभ्या झाडाचा फोटो मात्र ते उभे असतानाच काढावा लागतो.

रस्त्याकडेच्या झाडांचेही तसेच. आळंदीहून पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग रुंद झाला, तेव्हा वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सावली देणारे कित्येक वड गेले. उलट, सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ निराळे घडले. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड तेथला एक फार जुना वड येत होता. 2020 साली गावकरी आणि झाडांवर माया करणारी माणसे पुढे आली. वडाचे फोटो वर्तमानपत्रांत आले, मोबाईलवरून दूरदूर गेले. ज्यांनी तो वड कधी पाहिला नव्हता, त्यांनाही त्याचा विस्तार कळला. शेवटी वड सोडून रस्ता बाजूने न्यायचे ठरले. केवळ फोटोंनी हे झाले असे आम्ही म्हणत नाही. माणसे उभी राहिली म्हणून झाले. पण दूरच्या माणसाला झाड दाखवायचे, तर फोटोवाचून दुसरा उपाय कोणता?

आता कामाला लागू. पहिली गोष्ट अगदी साधी. मोबाईलच्या पाठीवर जे लहानसे भिंग असते, ते स्वच्छ मऊ कापडाने पुसा. त्यावर घामाचा, तेलाचा हात लागलेला असतो. मग फोटो धुरकट येतो, आणि आपण म्हणतो मोबाईल जुना झाला.

देशावरचा माळ घ्या. दूरवर मोकळे रान, मध्ये एकच कडुलिंब किंवा बाभूळ. अशा झाडाचा फोटो काढताना लोक झाडाच्या अगदी जवळ जातात. मग माळ फोटोत येतच नाही. येथे उलट मागे सरा. चांगले शंभर पावले मागे. झाड फोटोच्या अगदी मध्यावर न घेता थोडे एका अंगाला घ्या, म्हणजे उरलेल्या जागेत रान दिसेल. एकटे झाड किती एकटे आहे, हे भोवतालच्या मोकळ्या जागेवरून कळते. नांगरट झालेली असेल तर तास दिसू द्या. बांध दिसू द्या.

वेळ कोणती? सकाळी सूर्य वर आल्यापासून तासाभरात, नाही तर सायंकाळी मावळण्याआधी तासभर. त्या वेळी उजेड बाजूने येतो. खोडाची साल उठून दिसते, आणि सावली लांबवर जमिनीवर पडते. भर दुपारी सावली बुंध्यापाशी गोळा होते. पाने चकाकून पांढरी दिसतात, खोड काळे पडते. आम्हांला विचाराल तर दुपारी बारा ते तीन झाडाखाली बसावे, त्याचा फोटो काढू नये.

आभाळ फार उजळ असेल तर मोबाईल आभाळाकडे बघून उजेड कमी करतो, आणि झाड काळे येते. अशा वेळी स्क्रीनवर झाडाच्या खोडावर बोट टेकवा. मोबाईलला कळते की आपल्याला हे बघायचे आहे. बऱ्याच मोबाईलमध्ये तेथे सूर्याची बारीक खूण येते. ती बोटाने वर सरकवली की उजेड वाढतो, खाली आणली की कमी होतो. एकदा करून बघा, हात बसेल. मोबाईलमध्ये रंग गडद करण्याचीही सोय असते. तिच्या नादी लागू नका. माळावरचा कडुलिंब केळीच्या बागेसारखा हिरवागार दिसू लागला, तर पाहणाऱ्याला त्या साली पाऊस कमी झाला होता हे कसे कळावे?

घाट उतरून कोकणात गेले की अडचण दुसरी. नारळ, पोफळी उंच. जवळ उभे राहून मोबाईल वर वळवला की झाड मागे कलंडल्यासारखे दिसते, आणि शेजारची झाडे शेंड्याकडे एकमेकांवर झुकतात. मोबाईल मागे कलता धरला म्हणून हे होते. त्याला उपाय म्हणजे मोबाईल भिंतीसारखा सरळ उभा धरायचा, आणि झाड शेंड्यापर्यंत आत मावेपर्यंत मागे जायचे. मागे जायला जागा नसेल तर गडग्यावर, ओट्यावर चढावे. थोडे उंचावरून काढले तरी बराच फरक पडतो.

कोकणातच समुद्रालगतच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माथ्यावर, झाडे वेगळीच दिसतात. पावसाळाभर पश्चिमेकडून वारा येतो. खारा, जोरकस. समुद्राकडच्या अंगाला फांद्या वाढत नाहीत, वाढल्या तरी करपतात. झाड पूर्वेकडे पसरते. जणू वाऱ्याने त्याचे केस विंचरले आहेत. आता हे झाड तुम्ही समुद्राकडे पाठ करून, सरळ समोरून काढले, तर कल दिसणारच नाही. बाजूने काढा, म्हणजे दक्षिणेकडून किंवा उत्तरेकडून. मग वारा न दिसताही फोटोत वारा दिसतो. सड्यावर, किनाऱ्यावर फोटो काढून झाल्यावर भिंग पुन्हा पुसावे. खारी हवा त्यावर बसते.

खाडीकाठच्या कांदळवनाचा फोटो काढायचा तर भरती-ओहोटी बघून जावे लागते. भरतीला नुसते शेंडे दिसतात, पाण्यावर झुडपे तरंगत असल्यासारखी. ओहोटीला खरी मजा. तिवराच्या भोवती चिखलातून शेकडो टोके वर आलेली असतात, बोटभर, वीतभर. ती मुळेच. चिखलात हवा नसते, म्हणून मुळे श्वास घ्यायला वर येतात. कांदळाची मुळे निराळी. ती खोडातून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात रुततात, आणि झाड जणू पुष्कळ पायांवर उभे राहते. ही मुळे दाखवायची तर खाली बसून, मोबाईल गुडघ्याइतक्या उंचीवर धरून काढा. भरतीचा एक आणि ओहोटीचा एक असे दोन फोटो एकाच जागेवरून घेतले, तर जोडीने पाहणाऱ्याला खाडी समजते. चिखलात उतरू मात्र नका. आपण रुतून बसू आणि मुळेही तुडवली जातील. यांतल्याच पांढरी चिप्पी या झाडाला 2020 साली महाराष्ट्र सरकारने राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ज्या झाडांना पूर्वी लोक केवळ सरपण समजत, त्यांच्यामुळे किनारा धुपत नाही, माशांची पिले वाढतात, हे आता सर्वांना पटले आहे.

सह्याद्रीच्या दाट रानात, देवराईत गेलात तर फोटो काढावा कशाचा हेच समजत नाही. सगळीकडे झाडेच झाडे. वरून ऊन पानांतून गळते आणि जमिनीवर पांढरे ठिपके पडतात. डोळ्यांना ते छान वाटते. फोटोत मात्र सगळे चितळाच्या पाठीसारखे ठिपकेदार होते. दाट रानाला ढगाळ दिवस चांगला. उजेड सगळीकडे सारखा पडतो, पानांचा खरा रंग येतो. पाऊस पडून गेला असेल तर खोडे ओली, काळी, आणि त्यांवर हिरवे शेवाळ. अशा वेळी सगळे रान घेऊ नका. एकच खोड निवडा. जाड बुंधा, त्यावर चढलेला वेल, पायाशी पडलेली पाने, एवढे पुरे.

आषाढ-श्रावणातले धुके तर फोटो काढणाराचा मोठा मदतनीस. धुक्यात जवळचे झाड काळेभोर दिसते, त्यामागचे करडे, त्याही मागचे पुसट. एरवी एकमेकांत मिसळलेली झाडे धुक्याने वेगळी होतात. पण मोबाईलला धुके फार उजळ वाटते, म्हणून तो फोटो काळपट करतो. ती सूर्याची खूण थोडी वर सरकवा. आणि एक सांगणे. धुक्यात, कड्याच्या बाजूला, स्क्रीनकडे बघत मागे मागे चालू नये. फोटोपायी कडा विसरलेली माणसे परत आलेली नाहीत. तसेच वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली की एकट्या, उंच झाडाजवळ थांबू नये. फोटोसाठी नाही आणि आडोशासाठीही नाही. देवराईत जाताना गावाला विचारावे, पायताण बाहेर काढायची रीत असेल तर काढावे.

विदर्भाच्या पानझडी रानांत फोटोची खरी सुगी उन्हाळ्यात. पाने झडली की झाडाचा सांगाडा दिसतो. फांदी कोठून फुटली, कोठे वळली, पूर्वी कोणी कुऱ्हाड चालवली होती का, सगळे उघड. फाल्गुनात पळस फुलतो. पाने नसतात, फुलेच फुले. त्याच्या मागे निळे आभाळ येईल असे उभे राहा. मागे वाळके गवत आले तर फुले त्यात हरवतात. कांडोळाचे झाड, काही ठिकाणी त्याला पांढरूख म्हणतात, त्याची साल गुळगुळीत पांढरी असते. संधिप्रकाशात बाकी रान काळे होते, आणि हे झाड एकटे उजळ राहते. अंधारात बघून कोणी दचकले तर नवल नाही. मोहाचा फोटो पहाटेचा. रात्रभर फुले गळतात, उजाडता उजाडता बायका, मुले टोपल्या घेऊन वेचायला येतात. झाड, त्याखालची झाडलेली जमीन आणि टोपल्या, हे सगळे मिळून मोह. वेचणाऱ्यांना मात्र आधी विचारा. ती त्यांच्या पोटापाण्याची वेळ असते.

आता वडाकडे येऊ. अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात पेमगिरीला एक विख्यात वड आहे. तो काही एकरांत पसरला आहे. बाहेरून पाहाल तर राईच वाटते, एक झाड वाटतच नाही. असे झाड एका फोटोत मावत नाही, आणि मावेल इतके दूर गेलात तर ते झुडपासारखे दिसते. मग करावे काय? तीन-चार फोटो काढावेत. एक दूरून, शेजारची घरे किंवा टेकडी धरून. एक आत शिरून, पारंब्यांच्या रांगेतून बघत. एक खाली बसून, पारंबी जमिनीत शिरते तेथला. आणि एका फोटोत माणूस हवाच. माणसावरून झाडाचे माप कळते. पण माणूस बुंध्याला लागून उभा करा. मोबाईलजवळ उभा केलात, तर माणूस मोठा आणि वड लहान होईल.

वडाचा फोटो काढताना बुंधा कोणता, हा प्रश्न पडतो. कोलकात्याजवळ हावड्याला शिबपूर येथे सरकारी वनस्पती उद्यान आहे. तेथला वड अडीचशे वर्षांहून जुना समजतात. 1864 आणि 1867 च्या वादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या. जखमेतून बुरशी शिरली, आणि 1925 साली त्याचे मूळ खोडच काढून टाकावे लागले. तरी वड जिवंत आहे. हजारो पारंब्यांवर उभा आहे. मुळचे खोड कसे होते, हे आज झाडाकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

ओघात आले म्हणून सांगतो. झाड हे फोटोच्या विद्येचे फार जुने गिऱ्हाईक. इंग्लंडात टॅलबट नावाच्या गृहस्थाने कागदावर फोटो उमटवण्याची युक्ती काढली. त्याने 1842-43 च्या सुमारास ओक नावाच्या झाडाचा फोटो घेतला, तोही हिवाळ्यात, पाने झडलेली असताना. त्या काळी फोटो उमटायला वेळ लागे. तेवढा वेळ स्थिर राहणार कोण? निष्पर्ण झाड. आपल्याला आज क्षणात फोटो मिळतो, तरी वारा असेल तर थोडे थांबावे. झुळूक पडली की मग बोट दाबावे. पाने फिसकटत नाहीत.

एकच झाड वर्षातून चार वेळा काढून ठेवावे, असे आम्ही सुचवतो. चैत्रात, आषाढात, कार्तिकात, माघात. उभे राहायची जागा एकच ठेवा. तेथे दगड पुरा, नाही तर बांधाचा कोपरा धरा. दोन-तीन वर्षांनी हे फोटो ओळीने लावले की झाड वाढते आहे की वठते आहे, शेंडा वाळला तो केव्हापासून, हे डोळ्यांना दिसते. रोज बघताना हे लक्षात येत नाही. घरातले मूल वाढलेले पाहुण्याला दिसते, आईला दिसत नाही, तसेच हे.

शेतातल्या मोलाच्या झाडांसाठी आणखी एक फोटो घ्यावा, तो मापाचा. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याभोवती टेप गुंडाळा आणि आकडा दिसेल असा जवळून फोटो घ्या. जंगलखातेही साधारण याच उंचीवर झाडाचा घेर मोजते. सरकारी कामासाठी जमीन घेतली जाते, तेव्हा 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीवरच्या झाडांचीही किंमत धरली जाते. त्या वेळी झाडे किती होती, केवढी होती यावरून वाद होतात. नुसत्या फोटोने वाद मिटत नाही. कागदावर नोंद हवी. 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या मोबाईलवरून पिकाची नोंद स्वतः करतो, शेतात उभे राहून पिकाचा फोटोही देतो. बांधावरच्या झाडांची नोंदही त्यात करता येते. पुष्कळ जण पीक नोंदवतात आणि झाडे सोडून देतात. तसे करू नये. नोंद आणि फोटो, दोन्ही असले की बोलणाऱ्याला बळ येते.

मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. त्याबरोबर फोटोही जातात. म्हणून निवडक पाच-सात फोटो तालुक्याच्या गावी स्टुडिओत देऊन कागदावर काढून आणा. आणि आता आपल्याला लिहिता येते, त्याचा येथे उपयोग करा. फोटोच्या मागच्या बाजूला, कडेला, हलक्या हाताने झाडाचे नाव लिहा. जागा लिहा, तारीख लिहा. झाड कोणी लावले हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि तेही लिहा. ती माणसे आहेत तोवर विचारा. उदाहरणार्थ असे:

रायवळ आंबा. विहिरीच्या वरच्या अंगाला, बांधावर. घेर सात फूट दोन इंच. आजीने कोय लावली. लोणच्याला चांगला. फोटो चैत्रात काढला, मोहोर गळून कैरी धरली होती.